पेंटाच्या बाटलीत असते तरी काय?

वढू बुद्रुक म्हटले की मराठी माणसाला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आठवते. शिरूर तालुक्यातल्या या गावाची आणखी एक ओळख लसींवर काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजींच्या पुढाकाराने 1970 च्या दशकात इथे खेड्यांसाठी आरोग्यकार्य उभे केले. पुढे 2011 पासून याच परिसरातल्या बाळांना रोटाव्हायरसवरच्या देशी लसीचे डोस चाचणीसाठी पाजले गेले. दिल्ली आणि वेल्लोर ही बाकीची दोन केंद्रे. तिन्हीकडची मिळून 6,799 बाळे होती.

चाचणीत बाळ घेण्याआधी आईवडिलांची लेखी संमती लागते. कागद त्यांच्या भाषेत समजावून सांगावा लागतो, आणि धोका लपवता येत नाही. रोटाच्या बाबतीत धोका नावानिशी माहीत होता: आतड्यात आतडे अडकणे. अमेरिकेत 1998 मध्ये आलेली अशीच एक लस वर्षभरात याच कारणाने मागे घेतली गेली होती. साधारण दहा हजारांत एका बाळाला हा त्रास झाला होता. आपल्या चाचणीत तीनपैकी दोन बाळांना खरी लस आणि एकाला औषध नसलेला डोस मिळाला. पहिल्या वर्षात रोटाचे गंभीर जुलाब निम्म्याहून थोडे अधिक कमी झाले. आतडे अडकण्याच्या घटना लसवाल्या गटात सहा, दुसऱ्या गटात दोन.

धोका वाढल्याचे यातून सिद्ध होत नव्हते, पण इतक्या दुर्मीळ गोष्टीचा निकाल लावायला पावणेसात हजार बाळे पुरेशीही नव्हती. केंद्रनिहाय आकडे जाहीर करा, ही मागणी न्यायालयापर्यंत गेली. ती गेली हे बरेच झाले. लस राष्ट्रीय कार्यक्रमात आल्यावर देशातल्या 27 रुग्णालयांत पाळत ठेवली गेली आणि लसीचा या त्रासाशी संबंध आढळला नाही, हे 2020 मध्ये प्रसिद्ध झाले.

आता शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या कुठल्याही अंगणवाडीतला लसीकरणाचा दिवस घ्या. सिस्टरने आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली आणि ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो, पुन्हा कधी यायचे, आणि कार्ड जपून ठेवा. लसीत काय घातले आहे, हे त्या चारांत नाही. ती मोकळी जागा व्हॉट्सॲपने भरली आहे: पारा, ॲल्युमिनियम, डुकराची चरबी.

असे विचारणाऱ्या आईला अडाणी ठरवून गप्प करणे हा सरकारी खाक्या झाला. उत्तर द्यायचे तर पाऱ्यापासूनच सुरुवात करावी, कारण तो असतो. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात मांडीत टोचली जाणारी पेंटा ही पाच आजारांवरची लस एका बाटलीतून अनेक बाळांना दिली जाते. तिच्यात थायोमर्सल नावाचे पारायुक्त परिरक्षक असते. अर्ध्या मिलिलिटरच्या डोसमध्ये फार तर 25 मायक्रोग्रॅम पारा जातो. तो का घालतात, याचे उत्तर ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्ग गावात सापडते. तिथे जानेवारी 1928 मध्ये घटसर्पाच्या लसीची परिरक्षक नसलेली बाटली पुन्हा पुन्हा वापरली गेली. तिच्यात जंतू वाढले. टोचलेल्या 21 मुलांपैकी 12 दगावली.

जपानमधल्या मिनामाताच्या मच्छीमारांना ज्याने पांगळे केले तो मिथाइल पारा होता. थायोमर्सलपासून निघतो तो ईथाइल. नावात एवढासा फरक, पण 2015 मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक जीव घेणारी दारू मिथाइलची होती आणि गुत्त्यात रोज विकली जाते ती ईथाइलची. बाळाच्या रक्तातला ईथाइल पारा आठवड्याच्या आत निम्म्यावर येतो. मिथाइलला महिना-दीड महिना लागतो. डेन्मार्कने 1992 मध्ये मुलांच्या लसींतून थायोमर्सल काढले. पाऱ्याने स्वमग्नता (ऑटिझम) येते असे म्हणतात, पण तिथली तिची नोंद त्यानंतरही वाढतच राहिली.

ॲल्युमिनियमचे क्षार लसीचा परिणाम वाढवण्यासाठी घालतात, तेही गेली जवळजवळ शंभर वर्षे. डेन्मार्कमध्येच 12 लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून 2025 मध्ये निष्कर्ष आला: स्वमग्नता, दमा यांच्यासह 50 आजारांत या क्षारांमुळे वाढ दिसली नाही.

राहिली चरबी. ती नसते, गोवर-रुबेलाच्या कोरड्या लसीत डुकरापासूनचे जिलेटिन असते. पुण्यात तयार होणाऱ्या या लसीवर 2018 मध्ये इंडोनेशियात वादळ उठले. तिथल्या उलेमा परिषदेने डुकराच्या घटकामुळे ती निषिद्ध ठरवली आणि त्याच फतव्यात, दुसरा पर्याय नसल्याने, वापरायला मुभाही दिली.

खासगी दवाखान्यात ‘पेनलेस’ लस मागणाऱ्या पालकांनी मात्र जरा थांबावे. सरकारी पेंटात डांग्या खोकल्याचे अख्खे मारलेले जंतू असतात, म्हणून ताप येतो, मांडीला गाठ येते. महागड्या लसीत त्या जंतूंचे निवडक तुकडे असतात. ताप कमी येतो, पण डांग्या खोकल्यापासूनचे संरक्षणही लवकर ओसरते. एका रात्रीच्या रडण्यासाठी हा सौदा फायद्याचा नाही.

खरी चूक बहुतेक वेळा बाटलीबाहेर होते. 31 जानेवारी 2021 रोजी यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या थेंबांऐवजी 12 बालकांना सॅनिटायझर पाजले गेले आणि त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. त्या दिवशी कोणी आईने बाटलीवरचे नाव विचारले असते तर?

म्हणून पालकांनी जरूर विचारावे. बाटलीवरच्या गोलातला चौकोन गोलापेक्षा फिकट आहे का, हे पाहावे. दोन्हींचा रंग सारखा झाला असेल तर ती लस उष्णतेने वाया गेली. गोवर-रुबेलाची बाटली किती वाजता फोडली ते विचारावे: तिच्यात परिरक्षक नाही, चार तासांनंतर ती वापरता येत नाही, पेंटाची मात्र नीट थंड ठेवल्यास 28 दिवस चालते. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसावे. आणि आरोग्य खात्याने प्रत्येक लसीतल्या घटकांची नावे, प्रमाण आणि कारण माता-बाल संरक्षण कार्डावर मराठीत छापावे. वढूच्या पालकांना बाळ चाचणीत देताना ऐकून घेण्याचा जो हक्क होता, तो रांगेत उभ्या राहणाऱ्या आईलाही मिळायला हवा.