प्रिंटर डोंबिवलीत, पत्ता ठाण्यात

ठाण्यातल्या वागळे इस्टेटमध्ये मुख्य कार्यालय, डोंबिवली एमआयडीसीत कारखाना आणि कल्याण स्टेशनजवळ चार टेबलांचं विक्री कार्यालय, अशा एका कंपनीचं नेटवर्क आमच्याकडे आलं. दोन्ही डीएनएस सर्व्हर ठाण्यात, तेही एकाच रॅकमध्ये. सगळ्या जगाने नावं-पत्त्यांच्या एकाच यादीवर विसंबून राहू नये म्हणून पॉल मॉकापेट्रिसने १९८३ मध्ये डीएनएस आखलं. इथे यादी पुन्हा एकाच कपाटात!

एके दिवशी कल्याण-शीळ रस्त्यावर जेसीबीने फायबर तोडली. थोडा वेळ पीसींनी लक्षात ठेवलेल्या पत्त्यांवर काम रेटलं. त्या पत्त्यांची मुदत, म्हणजे टीटीएल, संपला तसा डोंबिवलीहून डिस्पॅचच्या काकांचा फोन आला, "अहो, ट्रक गेटवर उभा आहे, चलन निघत नाही. प्रिंटर तर माझ्या कोपराशी आहे!" प्रिंटर खरंच कोपराशी होता. पण पीसीला माहीत होतं फक्त त्याचं नाव. नावावरून आयपी सांगणारा ठाण्यात, आणि ठाण्याची वाट बंद.

दुरुस्तीला आलेल्या एकाने पुढच्या वेळेची सोय म्हणून प्रत्येक पीसीत दुसरा डीएनएस गूगलचा, ८.८.८.८, टाकून दिला. मग नवाच ताप. ठाण्याहून उत्तराला उशीर झाला की पीसी गूगलला विचारी, आणि कंपनीच्या आतली नावं गूगलला कुठून माहीत? तो म्हणे, असं नावच नाही. 'नाही' हेही उत्तरच, म्हणून पीसी पुन्हा ठाण्याला विचारायच्या भानगडीत पडत नसे. परिणाम: यूट्यूब चालू, टॅली बंद.

नव्या आराखड्याच्या बैठकीत माणसं मोजून सर्व्हर वाटायचा सूर निघाला. आम्ही एवढंच विचारलं, लाइन तुटल्यावर कुठे काय चालू राहायला हवं? डोंबिवलीत फाइल सर्व्हर, प्रिंटर, हजेरीचं यंत्र, सगळं जागेवरच. म्हणून डीएनएस तिथे हवाच. खोलीला धड कुलूप नव्हतं, तेव्हा डीएनएससाठी विंडोज सर्व्हर २००८ पासून मिळणारा, लॉगिनही तपासणारा फक्त-वाचनाचा डोमेन कंट्रोलर बसवला. चोरीला गेला तरी सगळ्या कंपनीचे पासवर्ड सोबत जायला नकोत. दुसरा डीएनएस म्हणून ठाण्याचा दिला, ८.८.८.८ सगळीकडून काढला.

कल्याणची सगळी सॉफ्टवेअरं ठाण्यात. लाइन गेल्यावर पत्ता कळून करायचं काय? तिथे राउटरने उत्तरं लक्षात ठेवणं, म्हणजे कॅशिंग, पुरलं. कल्याणच्या मॅनेजरसाहेबांना मात्र तो अपमान वाटला, "आमचा सेल सगळ्यात जास्त, आणि सर्व्हर डोंबिवलीला?"