पाटण्याच्या गड्याला धरणार कोण?

२०१७ सालच्या दिवाळीत आमच्या घरी चकल्या मऊ पडल्या, पण त्याबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. सगळ्यांच्या डोक्यात वेगळीच काळजी होती आणि तिचे नाव होते प्रदीप नरवाल.

हे गृहस्थ आमचे कोणी लागत नाहीत. हरियाणातल्या सोनीपत जिल्ह्यातला हा विशीतला पोरगा त्या वर्षी पाटणा पायरेट्स या संघातून कबड्डी खेळत होता. त्याच्या जोरावर पाटण्याने प्रो कबड्डी लीगचे लागोपाठ दोन हंगाम जिंकले होते आणि आता तिसऱ्यावर डोळा होता. आमची भक्ती पुणेरी पलटणीवर. सांगली-सातारची माणसे एरवी पुणेकरांवर टीका करण्याची संधी दवडत नाहीत, पण कबड्डीत पुणे आमचेच. वाचकांना ही विसंगती वाटली तर ती मला मान्य आहे.

मी सांगलीत मराठी शिकवतो, वडील साताऱ्याला राहतात. भाऊबीज २१ ऑक्टोबरला झाली. बहीण आणि दाजी अण्णांकडे आले होते, आम्हीही सांगलीहून गेलो होतो. दोनच दिवसांनी मुंबईत बाद फेरी सुरू झाली. सोमवारी, २३ तारखेला, पुण्याने उत्तर प्रदेशच्या संघाला ४०-३८ असे कसेबसे हरवले आणि आमच्या माजघरात फटाक्यांवाचून दिवाळी साजरी झाली. मग त्याच रात्री पाटणा आणि हरियाणा यांचा सामना सुरू झाला. दाजींच्या हातातला लाडू हातातच राहिला.

पाटण्याने ६९-३० असा सामना मारला. त्यात एकट्या प्रदीपचे चौतीस गुण होते, आणि एका चढाईत तर तो आठ गुण घेऊन परतला. पलीकडे हरियाणाचे गडी एकमेकांकडे पाहत होते. परीक्षेत प्रश्नपत्रिका हाती पडल्यावर मुले शेजारच्याकडे पाहतात, तसे. आणि हाच पाटणा दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, पुण्यापुढे उभा राहणार होता.

त्या मंगळवारी सकाळपासून आमच्या घरात युद्धमंडळाची बैठक भरली. सौ. म्हणाली, "अहो, सुट्टीत तपासायचे म्हणून पेपरांचा गठ्ठा आणलाय ना?" गठ्ठा पिशवीतून बाहेर आला नाही.

आता ही काळजी नेमकी कशाची, हे थोडे सांगितले पाहिजे. कबड्डीचे मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. म्हणजे चढाईला आलेल्याला जेमतेम साडेसहा मीटरांचे अंगण. वेळ तीस सेकंद. समोर सात जण हातांत हात घालून उभे. कागदावर पाहिले तर एकाने सातांच्या तावडीतून सुटावे असे काहीच नाही. कोपऱ्यातला गडी घोटा धरतो, शेजारचे धावून येऊन कोंडतात आणि चढाईवाला आडवा होतो. सगळी पकड याच हिशेबावर उभी असते. प्रदीपने हा हिशेबच उलटा केला. त्याची ती प्रसिद्ध डुबकी! साखळी भोवती आवळत आली की हा पठ्ठ्या मागे सरण्याऐवजी कमरेत वाकतो, धरणाऱ्यांच्या हातांखालून डोके घालतो आणि पुढच्या क्षणी मध्यरेषेवर असतो. ज्यांनी त्याला कोंडले तेच बाद. म्हणजे जितके जास्त गडी अंगावर जातील तितके त्याचे गुण जास्त. जाळे जितके मोठे तितका मासा खूश, असा हा अजब मासा.

दाजींचा उपाय सरळ होता. ते पाटबंधारे खात्यात होते. वाहते पाणी अडवायचे तर भिंत घालायची, ही त्यांची बुद्धी. "आत येऊच द्यायचं नाही. आला की छातीवर धक्का द्यायचा आणि रेषेबाहेर घालवायचा."

माझी आशा वेगळ्या जागी होती. पुण्याच्या बचावात धर्मराज चेरलाथन होता. चाळिशी ओलांडलेला हा तमिळ गडी आदल्याच हंगामात पाटण्याचा कर्णधार होता आणि त्याच्याच नेतृत्वाखाली पाटण्याने विजेतेपद मिळवले होते. सरावात त्याने ती डुबकी शेकडो वेळा पाहिली असणार. शिवाय संदीप नरवाल, तोही पूर्वी पाटण्याकडून खेळलेला. म्हणजे पाटण्याच्या घरातले दोन माणूस आमच्याकडे! मी हे सांगितले तेव्हा माझा स्वर एखादा पुरावा सापडलेल्या वकिलाचा होता.

"आणि प्रदीपला हे दोघे माहीत नाहीत का?" माझ्या अकरा वर्षांच्या चिरंजीवांनी विचारले.

हे चिरंजीव म्हणजे आमच्या छावणीतले फितूर. जन्म सांगलीचा, आणि सांगलीकडच्या पोरांना चढाईचे वेड. जिल्ह्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके दूरदर्शनच्या पडद्यावर चढाया करू लागल्यापासून आमच्या गल्लीतले प्रत्येक पोर चढाईलाच जायला मागते, कोपऱ्यात उभे राहायला कोणी तयार नसते. चिरंजीवांनी दप्तरावर प्रदीपचे चित्र चिकटवले होते. पण त्याचे म्हणणे मात्र खरे शहाणपणाचे होते. तो म्हणाला, "बाबा, त्याला बाकावर बसवून ठेवायचं. एकदा बाद झाला की त्यांच्या संघाला गुण मिळेपर्यंत तो आत येऊ शकत नाही. तेवढ्यात आपण चढाया मारायच्या."

मी खूश झालो. मग आठवले की पाटण्याकडे मोनू गोयत नावाचा दुसरा तसाच चढाईवाला आहे. प्रदीप बाहेर गेला की मोनू एक गडी टिपून त्याला परत आणणार. एका दाराला कुलूप लावावे तर दुसरे दार सताड उघडे.

अण्णा इतका वेळ आरामखुर्चीत डोळे मिटून होते. तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी ते साताऱ्यात हुतूतू खेळत. कबड्डी हा शब्द त्यांच्या तोंडी अजून परका आहे. या खेळाला नियमांच्या चौकटीत बसवण्याच्या आरंभीच्या खटपटी ज्या गावांत झाल्या त्यांत सातारा एक, हे ते अशा आवाजात सांगतात की जणू त्या बैठकीला ते हजर होते. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिकडे हा खेळ करून दाखवला, ही हकीकतही आम्ही पाढ्यासारखी ऐकली आहे. ते डाव्या कोपऱ्यात उभे राहत.

डोळे न उघडता ते म्हणाले, "हात वर आहेत सगळ्यांचे."

"म्हणजे?"

"काल बघितलं मी. हरियाणाची पोरं त्याला खांद्याला धरायला जातात. खांद्याला गेलं की खाली भगदाड पडतं. त्याला दुसरं काय पाहिजे? हात गुडघ्याखाली पाहिजेत. आणि घाई नको. तो हलेपर्यंत आपण हलायचं नाही. त्याच्या तोंडाकडे बघितलं की संपलं, घोट्याकडे बघायचं."

मग जरा थांबून त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी चाळीस वर्षांत ऐकली नव्हती. १९६० च्या सुमारास कुठल्याशा जत्रेतल्या सामन्यात उपांत्य फेरीला कराडकडचा एक सडपातळ गडी त्यांच्या कोपऱ्यावर आला. शेवटची मिनिटे होती आणि एका गुणाची आघाडी होती. अण्णांना राहवले नाही. ते आधीच झेपावले, तेही वरून. तो गडी काखेखालून निघून गेला, जाता जाता आणखी दोघांना शिवून. लोण बसला. "आमचा कॅप्टन मला काही बोलला नाही," अण्णा म्हणाले, "त्याने नुसती धूळ झटकली. बोलला असता तर बरं झालं असतं."

बहीण चहा घेऊन आली होती, ती दारातच उभी राहिली. माझ्या मनात आले, आपण एका दिवसाची काळजी करतोय. हे त्या कराडच्या गड्याला सत्तावन्न वर्षे धरू पाहताहेत.

रात्री सामना झाला. त्याचे सविस्तर वर्णन मी करणार नाही. पराभवाचे वर्णन करायला फार मोठा लेखक लागतो. पुण्याने ३२ गुण केले, पाटण्याने ४२. प्रदीपला काही वेळा धरलेही, दाजींनी तेव्हा टाळ्या वाजवल्या. पण तो परत येत राहिला. प्रत्येक डुबकीला अण्णा उजवा हात आरामखुर्चीच्या दांडीवरून खाली, गुडघ्याकडे नेत. मला वाटते, त्यांना त्याचे भान नव्हते. आणि चिरंजीव, ज्याच्या दप्तरावर प्रदीप होता, तो आजोबांच्या पायाशी बसून होता. त्याने एकदाही टाळी वाजवली नाही.

पुढे पाटण्याने बंगालला ४७-४४ असे हरवले आणि चेन्नईच्या अंतिम सामन्यात गुजरातला ५५-३८. गुजरातच्या बचावात फझल अत्राचली आणि अबोझार मिघानी हे इराणचे दोन कसलेले पहिलवान होते. त्यांनाही ते पाणी अडवता आले नाही. हंगामभरात प्रदीपचे चढाईचे गुण ३६९ झाले. यामुळे आमचे दुःख थोडे हलके झाले, हे कबूल करतो. शेजाऱ्याचेही घर गळते हे कळल्यावर होते तसे.

त्यानंतर सहा वर्षांनी, २०२४ च्या फेब्रुवारीत, हैदराबादला पुणे आणि पाटणा पुन्हा समोरासमोर आले. या वेळी उपांत्य फेरीत. प्रदीप तोवर पाटणा सोडून गेला होता. पुण्याचा कर्णधार नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, आणि डाव्या कोपऱ्यात इराणचा मोहम्मदरेझा शादलू. हाही आधी पाटण्याकडून खेळलेला. त्या हंगामात पकडीचे सर्वांत जास्त गुण त्याचे होते.

आम्ही साताऱ्यातच होतो. चिरंजीव आता मिसरूड फुटलेले, दाजी निवृत्त, अण्णा चौऱ्याऐंशीचे आणि कानाने मंद. पुण्याने पाटण्याला ३७-२१ असे नमवले आणि पुढे दोनच दिवसांनी हरियाणाला २८-२५ हरवून पहिल्यांदा करंडक उचलला. पण त्या उपांत्य सामन्यातली एक पकड मला आठवते. चढाईवाला कोपऱ्यावर आला. शादलू जागचा हलला नाही. मग एकदम खाली गेला आणि घोटा हातात.

"हा पोरगा कुठला?" अण्णांनी मोठ्याने विचारले.

"इराणचा, आजोबा," चिरंजीव त्यांच्या कानाशी ओरडला.

अण्णा काही वेळ पडद्याकडे बघत राहिले. "हात खाली होते त्याचे," ते म्हणाले, आणि सौ.ला त्यांनी चहा टाकायला सांगितला, सगळ्यांना.