शुक्रवारची विधेयकं

सासूबाईंना पार्किन्सन झाल्यापासून माझ्या सगळ्या रजा दवाखान्याच्या फेऱ्यांतच संपायच्या. म्हणून 'केअरर्स लीव्ह' विधेयकाचं काय होतंय, याकडे मी लक्ष ठेवून होते. ते सरकारचं नव्हतं. वेंडी चेंबरलेन या विरोधी बाकावरच्या खासदार बाईंचं होतं.

इथे ब्रिटनमध्ये खासगी विधेयकांसाठी चिठ्ठ्या काढतात. २० जणांचं नशीब उघडतं आणि अधिवेशनात १३ शुक्रवार मिळतात. पण शुक्रवारी बहुतेक खासदार आपापल्या मतदारसंघात! त्यात अडीचला चर्चा बंद. तोवर कुणी नुसतं बोलतच राहिलं तर विधेयक लटकलं. चर्चा थांबवून मत घ्यायचं तर बाजूने किमान १०० खासदार हवेत. अडीचनंतर पुकारलेल्या विधेयकाला तर एकाच खासदाराचं 'ऑब्जेक्ट' पुरतं. २०१८ मध्ये बायकांच्या कपड्यांखालून फोटो काढण्याविरुद्धचं विधेयक असंच एका आवाजात अडलं. केवढा गहजब झाला! मग सरकारने स्वतःचं आणलं, २०१९ मध्ये कायदा झाला.

खरं तर सरकारचा हिरवा कंदील असेल तरच गाडी पुढे सरकते. आमच्या विधेयकाला तो मिळाला. कॉमन्स, लॉर्ड्स आणि मे २०२३ मध्ये राजाची संमती. ६ एप्रिल २०२४ पासून वर्षाला आठवडाभर रजा, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. बिनपगारी, हं!

आपल्या लोकसभेतही शुक्रवारी दुपारी खासगी विधेयकं येतात. पण १९७० नंतर एकाचाही कायदा झालेला नाही.

सासूबाईंना रजेचं कौतुकाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, पण पगार कापणार ना? मग राहू दे. मी टॅक्सीने जाईन."