नागरी स्वच्छता, बेघरांचा रोजगार आणि निवारा : महानगरपालिका व स्वयंसेवी संस्था यांच्या भागीदारीचा अभ्यास

बीजसंज्ञा : नागरी स्वच्छता, बेघर, रोजगार, निवारा, स्वयंसेवी संस्था, करार, कचरावेचक.

प्रस्तावना

शहराच्या रस्त्यावर साचलेला कचरा आणि त्याच रस्त्यावर झोपणारा माणूस, हे दोन्ही प्रश्न नगरप्रशासनाच्या दारी एकाच वेळी येतात. पहिला आरोग्य विभागाकडे जातो, तर दुसरा बहुधा पोलिसांकडे. ज्यांना काम नाही त्यांना शहर स्वच्छ करण्याचे काम द्यावे आणि त्या कामाच्या आधारे त्यांना निवाऱ्यापर्यंत न्यावे, हा विचार गेल्या तीन-चार दशकांत अनेक शहरांनी स्वीकारला. हे काम महानगरपालिका सहसा स्वतः करीत नाही. त्यासाठी ती एखाद्या स्वयंसेवी संस्थेशी करार करते.

प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. अमेरिकेत जानेवारी २०२४ मधील एका रात्रीच्या गणनेत ७,७१,४८० व्यक्ती बेघर आढळल्या. भारतात २०११ च्या जनगणनेने १७.७३ लाख बेघरांची नोंद केली असून त्यांपैकी ९.३८ लाख शहरी भागातील होते. प्रस्तुत लेखात आल्बुकर्की व न्यूयॉर्क या अमेरिकी शहरांतील आणि पुणे व मुंबई या महाराष्ट्रातील शहरांतील अनुभवांच्या आधारे या भागीदारीचे स्वरूप स्पष्ट केले आहे. झाडू हाती देणे सोपे असते. परंतु त्या झाडूमागे कोणता करार आहे आणि दिवस संपल्यावर तो माणूस कोठे झोपतो, यावरच अशा भागीदारीचे मूल्य ठरते, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

भागीदारीची आवश्यकता

महानगरपालिका ही नियमांनी बांधलेली संस्था आहे. तिच्या सेवेत येण्यासाठी रहिवासाचा पुरावा, ओळखपत्र, बँक खाते, वैद्यकीय तपासणी आणि भरतीची रीतसर प्रक्रिया आवश्यक असते. ज्याच्याकडे पत्ताच नाही, तो या पहिल्याच पायरीवर अडतो. स्वयंसेवी संस्था मात्र त्याला आज कामावर घेऊन आजच मजुरी देऊ शकते. व्यसनमुक्ती, आरोग्य, कागदपत्रे आणि निवारा या गोष्टींशीही ती त्याची गाठ घालून देऊ शकते. महानगरपालिकेकडे निधी व सार्वजनिक जागा असतात, तर संस्थेकडे माणसांचा विश्वास असतो. भागीदारीचा मूळ तर्क हा आहे.

या तर्काला दुसरी बाजूही आहे. ज्या कारणाने संस्था लवचीक असते, त्याच कारणाने तिच्यामार्फत काम करणारा माणूस कामगार कायद्यांच्या संरक्षणाबाहेर राहू शकतो. हा धोका पुढील विवेचनात वारंवार दिसून येईल.

आल्बुकर्की : एका दिवसाचे काम

न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्की शहराचे तत्कालीन महापौर रिचर्ड बेरी यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये एक साधा उपक्रम सुरू केला. चौकाचौकांत हात पसरून उभ्या असणाऱ्यांना एका व्हॅनमधून नेऊन शहरातील कचरा व तण काढण्याचे काम द्यावयाचे, ताशी ९ डॉलर मजुरी व दुपारचे जेवण द्यावयाचे आणि काम संपल्यावर निवारा व अन्य सेवांची माहिती द्यावयाची, असे त्याचे स्वरूप होते. सेंट मार्टिन्स ही बेघरांसाठी काम करणारी स्थानिक संस्था हा उपक्रम चालवीत असे. प्रारंभी आठवड्यातून दोन दिवस व्हॅन फिरे आणि दिवसाला सुमारे दहा जणांना काम मिळे.

पहिल्या वर्षभराच्या आत ९३२ कामे दिली गेली, शहरातील १९६ चौक-गल्ल्यांमधून ६९,६०१ पौंड कचरा व तण हटविले गेले आणि शंभरहून अधिक व्यक्तींना कायम नोकरी मिळण्यास साहाय्य झाले, असे प्रसिद्ध झाले. हे आकडे वाचताना एक सावधगिरी आवश्यक आहे. दिवसाला दहा जण आणि आठवड्याला दोन दिवस असा हिशेब केला, तर वर्षभरात साधारण हजाराच्या आत-बाहेर कामाचे दिवस भरतात. म्हणजेच ९३२ ही संख्या माणसांची नसून कामाच्या दिवसांची आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. एका दिवसाची मजुरी त्या दिवसाची भूक भागवते. महिन्याचे घरभाडे तिच्यातून निघत नाही. या उपक्रमाचे खरे यश कचऱ्याच्या वजनात न शोधता, व्हॅनमधून उतरल्यावर पुढे मार्ग सापडलेल्या त्या शंभर जणांत शोधावे लागते.

त्याच शहराने २०१७ मध्ये रस्त्यावर पैसे मागण्यास व देण्यास व्यवहारतः प्रतिबंध करणारा नियम केला. २०१९ मध्ये संघराज्य न्यायालयाने तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या तत्त्वाशी विसंगत ठरविला. एका हाताने काम देणारे शहर दुसऱ्या हाताने दंडाचे पुस्तक उघडते, तेव्हा दिलेल्या कामाचा अर्थही बदलतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये ग्रँट्स पास खटल्यात सार्वजनिक जागी मुक्काम करण्यावरील दंडास मान्यता दिली. त्यानंतर हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा झाला आहे.

न्यूयॉर्क : काम आणि मुक्काम

न्यूयॉर्कमधील परिस्थितीला न्यायालयीन पार्श्वभूमी आहे. १९७९ मध्ये तेथील बेघर पुरुषांच्या वतीने शहर व राज्य यांच्याविरुद्ध कॅलाहन खटला दाखल झाला आणि १९८१ च्या तडजोडीने शहरावर निवारा देण्याचे बंधन आले. ज्याच्या नावाने खटला ओळखला जातो, त्या रॉबर्ट कॅलाहन यांचा तडजोड होण्यापूर्वीच बेघर अवस्थेत मृत्यू झाला होता.

निवाऱ्याचा हक्क मिळाला. पण निवाऱ्यातून पुढे काय, हा प्रश्न शिल्लक राहिला. जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी स्थापन केलेल्या डो फंड या संस्थेने १९९० मध्ये त्याला एक उत्तर दिले. सुरुवातीस शहराच्या मालकीच्या जुन्या घरांची दुरुस्ती करण्याचे कंत्राट संस्थेने घेतले. पुढे १९९६ पासून तिच्या प्रशिक्षणार्थींनी मॅनहॅटनमधील रस्ते झाडण्यास प्रारंभ केला. निळ्या गणवेशातील हे पुरुष न्यूयॉर्ककरांच्या ओळखीचे झाले. त्यांपैकी बहुतेकांनी पूर्वी तुरुंगवास भोगलेला असतो. संस्थेच्या निवासात राहणे, व्यसनापासून दूर राहणे, त्यासाठीच्या तपासणीस तयार असणे आणि कमाईतील काही भाग बाजूला टाकणे या अटींवर त्यांना काम व प्रशिक्षण मिळते. सुमारे वर्षभराने बाहेर नोकरी व स्वतंत्र घर मिळवून त्यांनी संस्थेतून बाहेर पडावे, अशी अपेक्षा असते. याशिवाय संस्थेने परवडणारी घरेही बांधली आहेत.

आल्बुकर्कीच्या तुलनेत येथे दोन गोष्टी अधिक आहेत : कामाला मुदत आहे आणि कामाबरोबर मुक्काम आहे. परंतु मुक्काम अटींवर अवलंबून असल्याने, जो अट पाळू शकत नाही त्याचे काम आणि अंथरूण एकाच वेळी जाते. मानसिक आजार असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत ही मर्यादा गंभीर ठरते.

आधी काम की आधी घर?

या मर्यादेला उत्तर देणारा विचारही न्यूयॉर्कमध्येच आकारास आला. सॅम सेंबेरिस यांनी १९९२ मध्ये स्थापन केलेल्या पाथवेज टू हाउसिंग या संस्थेने मानसिक आजार असलेल्या बेघरांना व्यसनमुक्तीची अट न घालता प्रथम घर देण्यास सुरुवात केली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पाच वर्षांच्या काळात या संस्थेचे ८८ टक्के भाडेकरू घरात टिकून होते. पायरीपायरीने घराकडे नेणाऱ्या प्रचलित व्यवस्थेत हे प्रमाण ४७ टक्के होते. कॅनडाने पाच शहरांत केलेल्या मोठ्या प्रयोगातही घर टिकून राहण्याच्या दृष्टीने असाच कौल मिळाला. मात्र केवळ घर मिळाल्याने रोजगार वाढल्याचे त्या प्रयोगात आढळले नाही.

यावरून ‘आधी काम की आधी घर’ हा वाद अपुरा ठरतो. घर माणसाला स्थिरता देते, पण नोकरी आपोआप देत नाही. काम उत्पन्न देते, पण अल्प मजुरीतून घर उभे राहत नाही. दोन्ही गोष्टी एकाच आराखड्यात, परंतु एकमेकींच्या अटी न बनता असणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रातील अनुभव

अमेरिकी शहरांनी बेघरांना सफाईचे काम दिले. महाराष्ट्रात चित्र उलट होते : येथे हे काम करणारे आधीपासूनच होते, त्यांना मान्यता नव्हती. पुण्यात १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली व श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठातील कार्यकर्त्या-अध्यापिकांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. बहुसंख्य सभासद दलित स्त्रिया होत्या. महानगरपालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे आणि पुढे आरोग्य विमा हे या संघटनेचे प्रारंभीचे यश होय. ‘चोर’ म्हणून हटकल्या जाणाऱ्या बाईच्या हाती ओळखपत्र आले, ही घटना केवळ कागदोपत्री महत्त्वाची नव्हती.

याच पायावर ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिने पुणे महानगरपालिकेशी पाच वर्षांचा करार केला. सभासद दारोदारी जाऊन वर्गीकृत कचरा गोळा करतात, नागरिक त्यांना सेवाशुल्क देतात, विकण्याजोग्या वस्तूंचे उत्पन्न त्यांचेच असते आणि महानगरपालिका साधने व व्यवस्थापनखर्चाचा भार उचलते. साडेतीन हजारांहून अधिक कष्टकरी या व्यवस्थेत सामील झाले. येथे काम करणारी व्यक्ती ‘लाभार्थी’ नसून कराराची पक्षकार आहे, हे या प्रारूपाचे वैशिष्ट्य होय. तथापि कराराची मुदत संपली की नूतनीकरणाची अनिश्चितता येते, याचा अनुभव या संस्थेलाही घ्यावा लागला. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरावेचकांची व्याख्या करून त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली.

मुंबईतील अनुभव सावध करणारा आहे. तेथे स्वयंसेवी संस्थांमार्फत सफाईचे काम करणाऱ्यांना कागदोपत्री ‘स्वयंसेवक’ म्हटले जाई. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुमारे २,७०० कामगारांचा कायमपदाचा हक्क मान्य झाला. मुंबईत कायम सफाई कामगारांपैकी अनेकांना महानगरपालिकेची सेवानिवासस्थाने मिळतात. म्हणजे ‘स्वयंसेवक’ या एका शब्दाने केवळ वेतनातच नव्हे, तर निवाऱ्याच्या शक्यतेतही अंतर पडत होते. सेवानिवासस्थान हेही नोकरीशी बांधलेले असते आणि निवृत्तीनंतर सोडावे लागते, ही त्याची स्वतंत्र मर्यादा होय.

निवाऱ्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक चोवीस तास चालणारा निवारा असावा, असे निर्देश दिले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांच्या निवाऱ्याचा घटक समाविष्ट झाला आणि अनेक निवारे स्वयंसेवी संस्थांकडे चालविण्यास देण्यात आले. परंतु निवाऱ्याचा करार एका खात्याचा आणि स्वच्छतेचा करार दुसऱ्या खात्याचा असेल, तर एकाच माणसाच्या दोन गरजा दोन वेगळ्या नस्त्यांत अडकतात. पुण्याचे प्रारूप उपजीविकेच्या बाबतीत न्यूयॉर्कच्या पुढे आहे. काम आणि निवारा एकत्र जोडण्याच्या बाबतीत मात्र न्यूयॉर्ककडून शिकण्यासारखे आहे.

निष्कर्ष

१. अशा उपक्रमांचे मूल्यमापन उचललेल्या कचऱ्याच्या वजनावरून अथवा वाटलेल्या कामाच्या दिवसांवरून करणे अपुरे आहे. किती व्यक्तींना टिकाऊ रोजगार व टिकाऊ घर मिळाले, ही खरी मोजपट्टी होय.

२. काम करणारी व्यक्ती ही कामगार किंवा कराराची पक्षकार म्हणून ओळखली गेली पाहिजे. ‘स्वयंसेवक’, ‘लाभार्थी’, ‘प्रशिक्षणार्थी’ या संज्ञा किमान वेतनाला बगल देण्याचे साधन बनता कामा नयेत.

३. कराराची मुदत पुरेशी दीर्घ असावी आणि नूतनीकरणाचा निर्णय मुदत संपण्यापूर्वीच व्हावा. बेघर माणसाचे आयुष्य आधीच अनिश्चित असते. महानगरपालिकेच्या कराराने त्यात भर घालू नये.

४. निवारा ही कामाची बक्षिसी नसावी आणि काम सुटले म्हणून निवारा सुटू नये. स्वच्छता व निवारा या दोन्ही विभागांनी एकाच संयुक्त आराखड्यात काम करणे इष्ट आहे.

शहर स्वच्छ करणाऱ्या माणसाला त्या शहरात राहण्यास जागा नसणे, ही नियोजनातील उणीव आहे. भागीदारीचा करार लिहितानाच ती दूर करण्याची तरतूद होऊ शकते. ती झाली, तरच अशा उपक्रमाला पुनर्वसन हे नाव शोभेल. अन्यथा तो कमी खर्चात रस्ते झाडून घेण्याचा एक मार्ग ठरेल.