परसातील कोंबडीपालन : कळपातील कोंबडा आणि पुढची पिढी

या पाठात तुम्ही काय शिकाल
- कळपात कोंबडा का ठेवावा आणि किती ठेवावेत
- पुढच्या पिढीसाठी कोंबडा कसा निवडावा
- घरच्या घरी अंडी उबवणे आणि पिल्ले जगवणे
- मर रोखण्यासाठी लसीकरण

१. प्रस्तावना

दिवसभर घराच्या आसपास मोकळ्या फिरणाऱ्या आणि रात्री खुराड्यात डालल्या जाणाऱ्या कोंबड्यांच्या लहान कळपाच्या पालनाला परसातील कोंबडीपालन म्हणतात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ८५ कोटी कुक्कुटपक्षी होते. त्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसातले होते. या कळपाची देखभाल बहुतेक ठिकाणी घरातील स्त्रिया करतात. अंडी विकून मीठमिरची येते, अडचणीच्या वेळी एखादा कोंबडा विकून औषधपाणी भागते. म्हणून कळप मेला तर घराची हाताशी असलेली बचतच बुडते.

पिंजऱ्यातील कोंबडीपालनात पिल्ले दर वेळी बाहेरून विकत आणतात. परसातला कळप मात्र स्वतःच स्वतःला वाढवू शकतो. त्यासाठी तीन गोष्टी लागतात : चांगला कोंबडा, खुडूक बसणारी कोंबडी आणि जगणारी पिल्ले.

२. कोंबडा कशासाठी?

कोंबड्याशिवाय कोंबडी अंडी घालत नाही, हा समज चुकीचा आहे. कोंबडा नसला तरी ती अंडी घालते, आणि खाण्याच्या दृष्टीने दोन्ही अंडी सारखीच पौष्टिक असतात. फरक इतकाच की कोंबड्याविना मिळालेल्या अंड्यातून पिल्लू निघत नाही.

मोकळ्या कळपात कोंबड्याची आणखीही कामे असतात. घार दिसली की तो एका प्रकारे ओरडतो, मुंगूस किंवा कुत्रा जमिनीवरून आला की दुसऱ्या प्रकारे. कोंबड्या त्यानुसार आडोशाला पळतात किंवा मान वर करून सावध होतात. दाणा किंवा किडा सापडला की तो विशिष्ट आवाज काढून कोंबड्यांना बोलावतो.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण तुम्हाला माहीत आहे. कोंबडा अंधारात ठेवला तरी पहाटेच्या सुमाराला आरवतो, कारण त्याच्या शरीरात वेळेचे भान असते. जपानमधील नागोया विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हे प्रयोगाने दाखवले.

३. किती कोंबडे ठेवावेत?

साधारण ८ ते १० कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. कोंबडे जास्त झाले तर ते आपसांत भांडतात आणि कोंबड्यांना सतत त्रास देतात. कोंबड्यांच्या पाठीवरची पिसे झडलेली किंवा पाठीला जखमा दिसल्या, तर कोंबडे जास्त आहेत असे समजा. कोंबडे फार कमी असतील, किंवा कोंबडा म्हातारा असेल, तर बरीच अंडी रिकामी निघतात.

दोन कोंबडे ठेवायचेच असतील तर लहानपणापासून एकत्र वाढलेले ठेवा. मोठा परका कोंबडा अचानक कळपात सोडू नका. काही दिवस जाळीआड ठेवून कळपाला त्याची सवय होऊ द्या. असील जातीचे कोंबडे विशेष भांडखोर असतात. कोंबड्यांच्या झुंजी लावणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

४. पैदाशीचा कोंबडा कसा निवडावा?

कळप हळूहळू खालावण्याचे मोठे कारण इथेच आहे. सण किंवा जत्रा आली की व्यापारी सर्वांत वजनदार, तुरेदार कोंबडा मागतो. पैसे चांगले मिळतात म्हणून आपण तोच विकतो. मागे उरतो तो किरकोळ कोंबडा, आणि पुढची सगळी पिल्ले त्याची असतात. असे तीन-चार वर्षे चालले की पक्षी लहान होत जातात. म्हणून उलट करा : सर्वांत चांगला कोंबडा आधी राखून ठेवा आणि उरलेले विका.

निवडताना पुढील गोष्टी पाहा :
- वय ८ महिने ते २ वर्षे.
- लालभडक तुरा, चमकदार डोळे, सरळ पाय, सरळ बोटे.
- चांगली अंडी देणाऱ्या आणि पिल्ले सांभाळणाऱ्या कोंबडीचा वंश.
- माणसांवर, विशेषतः लहान मुलांवर धावून न जाणारा.

त्याच कळपात जन्मलेला कोंबडा आपल्याच आई-बहिणींवर चालू राहिला तर जवळच्या नात्यातील पैदास होते. अंडी कमी फुटतात आणि पिल्ले अशक्त निघतात. यावर बिनखर्चाचा उपाय म्हणजे दर एक-दोन वर्षांनी दुसऱ्या गावातील ओळखीच्या घराशी कोंबड्याची अदलाबदल करणे. आणलेला पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा. तो निरोगी दिसला तरच कळपात सोडा. कोंबडी जुन्या कोंबड्याचे बीज दोन-तीन आठवडे शरीरात साठवू शकते. म्हणून नव्या कोंबड्याचीच पिल्ले हवी असतील, तर जुना काढल्यावर सुमारे तीन आठवड्यांनंतरची अंडी उबवायला ठेवा.

५. जात कोणती?

देशी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ८० अंडी देते, पण खुडूक बसते आणि पिल्ले स्वतः सांभाळते. मध्य प्रदेशातील कडकनाथ, आंध्र व छत्तीसगडकडील असील, गुजरातमधील अंकलेश्वर, आसाममधील मिरी या काही नोंदणीकृत देशी जाती आहेत.

वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराजा हे परसासाठी तयार केलेले सुधारित पक्षी आहेत. ते जास्त अंडी देतात आणि लवकर वजन धरतात, पण खुडूक क्वचितच बसतात. शिवाय त्यांच्या पिल्लांत आईबापांचे गुण तसेच्या तसे उतरत नाहीत. त्यामुळे सुधारित पक्षी पाळायचे तर पिल्ले पुन्हा विकत आणण्याची तयारी हवी. कळप घरातच वाढवायचा असेल तर निदान काही देशी कोंबड्या ठेवाव्यात. त्या सुधारित कोंबड्यांची अंडीही उबवून देतात.

६. अंडी उबवणे

१. सात दिवसांपेक्षा जुनी अंडी ठेवू नका. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांच्या आतलीच घ्या. अंडी धुऊ नका. निमुळते टोक खाली करून गार जागी साठवा.
२. टोपलीत राख आणि भुसा किंवा गवत पसरून १० ते १२ अंडी मांडा. खुडूक कोंबडीला संध्याकाळी बसवा. तिच्या अंगावर उवा नाहीत ना, ते आधी पाहा.
३. दाणा-पाणी जवळच ठेवा. रोज थोडा वेळ ती उठली पाहिजे.
४. सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे बॅटरी धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर आत पिल्लू आहे. स्वच्छ दिसणारे अंडे काढून टाका.
५. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात.

दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवल्या, तर सगळी पिल्ले रात्री एकीच्याच पंखाखाली सोडता येतात. दुसरी लवकर अंड्यावर येते.

७. पहिला महिना

सर्वाधिक पिल्ले पहिल्या चार आठवड्यांत दगावतात. कारणे मुख्यतः चार : गारठा, भूक, शिकारी प्राणी आणि रोग. पहिले दोन-तीन आठवडे पिल्ले आईसह डालीखाली किंवा जाळीच्या आवारात ठेवा. बारीक कणी, भरडलेली ज्वारी-बाजरी, थोडी शेंगदाण्याची पेंड किंवा तयार खाद्य द्या. पाणी उथळ भांड्यात ठेवा, म्हणजे पिल्ले बुडणार नाहीत. रात्रीचे खुराडे जमिनीपासून उंच, कोरडे, हवेशीर आणि मुंगूस शिरणार नाही इतक्या बारीक जाळीचे असावे.

मोठ्या पक्ष्यांना चरण्याव्यतिरिक्त रोज प्रत्येकी ३० ते ४० ग्रॅम धान्य आणि अंडी देणाऱ्या कोंबड्यांना शिंपल्यांचा चुरा द्या.

८. लसीकरण

राणीखेत (मानमोडी) हा रोग लस न दिलेला कळप काही दिवसांत साफ करतो. हिरवट हगवण, धाप, मान वाकडी होणे ही त्याची लक्षणे. रोग झाल्यावर औषध नाही, लस हाच उपाय.

- ५ ते ७ वा दिवस : लासोटा, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब
- चौथा आठवडा : लासोटा पुन्हा
- सहावा-सातवा आठवडा : देवीची लस
- आठव्या आठवड्यानंतर : राणीखेतची आर-टू-बी लस, इंजेक्शनने

पुढच्या मात्रा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठरवा. लसीची कुपी बर्फातच आणावी लागते आणि मिसळल्यावर दोन तासांत संपवावी लागते. एका कुपीत शंभर किंवा अधिक मात्रा असतात. म्हणून दहा-पंधरा घरांनी मिळून एकाच दिवशी लस द्यावी. शेजारच्या कळपाला लस नसेल तर तुमच्या कळपाचाही धोका पूर्णपणे टळत नाही.

एकाएकी अनेक पक्षी मेले तर मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नका. ते खाऊ किंवा विकू नका. दवाखान्याला लगेच कळवा. भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद २००६ मध्ये महाराष्ट्रातील नवापूर येथे झाली होती.

९. सारांश

कोंबडा हा कळपाचा अर्धा वंश असतो. दहा कोंबड्यांमागे एक, उत्तम निवडलेला आणि वेळोवेळी बदललेला कोंबडा ठेवा. पहिला महिना पिल्ले जपा आणि शेजाऱ्यांसह लस द्या. मग कळप विकत घेतलेल्या पिल्लांवर अवलंबून राहत नाही.

स्वाध्याय
१. तुमच्या गावातील पाच घरांत कोंबड्या आणि कोंबडे यांचे प्रमाण मोजा. ते योग्य आहे का?
२. सर्वांत वजनदार कोंबडा आधी विकल्याने पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो?
३. कोंबडा बदलल्यावर तीन आठवडे का थांबावे?
४. लसीकरण अनेक घरांनी मिळून का करावे? दोन कारणे लिहा.