बंबातला बटाटा

शिवाजी पेठेतल्या एका जुन्या घराचं परडं. पौषातला रविवार. साडेआठ वाजून गेलेत, तरी भिंतीच्या सावलीत हुडहुडी भरतेय. कोपऱ्यात तांब्याचा बंब तापलाय, न्हाणीत शेवटची आंघोळ चाललीय आणि आत्ती बंबाच्या तोंडाशी पाट टाकून बसलीय. तिचं सगळं लक्ष आतल्या जाळावर आहे. शेजारच्या पातेल्यात धुऊन, पुसून कोरडे केलेले बटाटे आहेत.

वहिनी चिरफळ्यांची पाटी घेऊन येते, तशी आत्ती हात आडवा करते. "आता लाकूड घालू नगंस. जाळ बसू दे. जाळात टाकला की वरनं कोळसा आन् आतनं कच्चा."

"पाणी पुरंल न्हवं, आत्ती?"

"पुरंल की. त्यो एकटाच तर ऱ्हायलाय."

बंबाच्या पोटात मधोमध उभी नळी असते आणि तिच्याभोवती पाणी. नळीतून वरून करवंट्या, ढलप्या सोडायच्या. खाली लोखंडी जाळी, तिच्यावर विस्तव आणि जाळीखाली राख साठायला जागा. पाणी तापवणं हे त्याचं नेमून दिलेलं काम, पण कोल्हापूरकडच्या घरांनी त्याच्याकडून आणखी एक काम पिढ्यान्‌पिढ्या करून घेतलंय. आंघोळी उरकल्या की उरलेल्या आरात वांगं सरकवायचं, कांदा सरकवायचा, रताळं, बटाटा. गॅसचे गीझर आले, गच्च्यांवर सोलर चढले आणि पुष्कळ बंब मोडीत गेले. काही घासूनपुसून दिवाणखान्यात शोभेला बसले. या घरात गच्चीवर सोलर आहे आणि परड्यात बंबही. थंडीत सकाळी सोलरचं पाणी कोमट निघतं, हे बंब ठेवण्याचं सांगायचं कारण. खरं कारण पातेल्यात आहे, असं मला वाटतं.

एरवी कोल्हापुरातल्या रविवारी या वेळेला मटणाच्या दुकानापुढं रांग लागलेली असते आणि घरोघरी तांबड्या-पांढऱ्याची वाटणं निघत असतात. आज एकादशी आलीय. आत्तीचा उपास आहे, बाकीच्यांचा नाही, पण चुलीवर मटण चढणार नाही हे सगळ्यांनी गृहीत धरलंय. म्हणून आज बटाट्याचा मान.

मी पातेल्यातला एक बटाटा उचलून बघते. साल जाड, खरखरीत, डोळ्यांत लाल मातीचा कण अजून अडकलेला. हा बेळगावकडचा जवारी. काल कपिलतीर्थ मार्केटमध्ये वहिनीनं दोन ढीग बघितले. एका बाजूला गुळगुळीत, फिकट, एकसारखे आग्रा-इंदूरचे; दुसऱ्या बाजूला हे, वेडेवाकडे, मातीनं माखलेले. भाव जवारीचा जास्त. वहिनीनं आधी अर्धा किलो घेऊन रात्री एक उकडून चाखला आणि मगच सकाळी दूध आणायला गेलेल्या भावाला बाकीचे आणायला सांगितलं. आत्तीची ही शिकवण. शीतगृहात फार थंडीत राहिलेल्या बटाट्यात पिठाची साखर व्हायला लागते. तो रश्श्यात खपून जातो, पण भाजला की गोडसर लागतो आणि साल पटकन काळी पडते.

"नवा बटाटा रश्श्याला," आत्ती म्हणते. "भाजायला मुरलेला पायजे. पातळ सालीचा घेतलास तर आत चिकाट हुतंय." मग एक बटाटा हातात फिरवून बाजूला टाकते. त्याच्या एका अंगाला हिरवट झाक आहे. उन्हात राहिलेला. हिरवं कडू असतं आणि पोटालाही बरं नसतं, तो भाग जाड कापून टाकावा लागतो आणि कापलेला बटाटा राखेत जात नाही. त्याची रवानगी भाजीकडे.

निवडीचा एवढा काथ्याकूट का, हे या गावात राहिल्याशिवाय उमजत नाही. कोल्हापुरात बटाटा दिवसभर भेटतो, पण स्वतःच्या चवीनं कधी भेटत नाही. मिसळीत तो कटाखाली असतो. वड्यात आलं-लसूण-मिरचीच्या आत असतो आणि कटवडा मागवला तर पुन्हा वरून तिखटजाळ कट. मटणाच्या रश्श्यात पडला तर मटणाचीच चव घेतो. मसाला इतका जबर की बटाटा कुठला, कसा, हे कुणी विचारत नाही. राखेतून निघालेल्या बटाट्याला ती सोय नाही. तो जसा आहे तसा ताटात येतो. आत्ती म्हणूनच एकेक बटाटा चाचपून घेते, हे मला आज तिच्या शेजारी बसून कळतंय.

न्हाणीचं दार वाजतं. जाळ बसलाय. आत्ती लोखंडी उचकटणीनं जाळीखालची राख पुढं ओढते, मधोमध खळगा करते. राख वरून पांढरी, पण हात जवळ नेला की धग कळते. एकेक बटाटा चिमट्यानं आत जातो, एकमेकांना न टेकता. वर बोटभर जाडीची राख, आणि राखेवर जाळीवरून पाडलेले निखारे.

"मी ठेवतो, तू बघ," ती मला चिमटा देत नाही. "निखारा सालीला लागला न्हाई पायजे. मधी राख पायजेच."

ही मधली राख म्हणजे खरी करामत. तिच्यात हवा कोंडलेली असते, त्यामुळं निखाऱ्याची धग बटाट्यापर्यंत पोचते, पण दमानं पोचते. बटाट्यात चार पंचमांश पाणी. ते आतल्या आत तापतं, साठ-सत्तर अंशांच्या आसपास पिठाचे कण ते पाणी पिऊन फुगायला लागतात, आणि सगळा गर शंभराच्या जवळ पोचेपर्यंत सालीतून जास्तीची वाफ निघून गेलेली असते. उकडलेल्या बटाट्यात पाणी कोंडून राहतं. भाजलेल्यातून ते बाहेर पडतं. चवीतला बराचसा फरक इथूनच येतो.

बंबात काय जाळायचं यावरही आत्तीचा कायदा आहे. ज्या दिवशी राखेत काही भाजायचं त्या दिवशी पेटवण्याला दुधाची पिशवी नाही, रंगवलेलं लाकूड नाही, छापील रंगीत कागद नाही. नुसत्या करवंट्या, बाभळीच्या ढलप्या आणि मक्याची बुरकुंडं. मी आजूबाजूला पिशव्या पेटवलेल्या शेकोट्यांत कणसं भाजताना पाहिलीत, आणि आत्तीचा हा कायदा प्रत्येक घरात असावा असं मनापासून वाटतं.

स्वयंपाकघरात दुसरी आघाडी उघडलीय. अकरावीतल्या नातीनं ओव्हन दोनशे अंशांवर लावलाय. केक करता करता तिला त्याचं वेड लागलंय. तिनंही जवारी बटाटेच घेतलेत, काट्यानं चारी बाजूंनी टोचलेत, मिठाच्या पाण्यात बुडवून काढलेत आणि थेट जाळीवर मांडलेत. वहिनी ड्रॉवरमधून ॲल्युमिनियमच्या फॉइलची गुंडाळी काढते.

"मम्मी, नको फॉइल. वाफ अडकते, मग उकडल्यासारखाच होतो."

"हॉटेलात तर गुंडाळूनच देतात."

"ते गरम ठेवायला."

परड्यातून आत्तीचा आवाज येतो, "बरोबर सांगतीया पोरगी. कोंडू नगा त्याला."

आजी आणि नात या मुद्द्यावर एकाच बाजूला आहेत. बंब आणि ओव्हन यांत भांडण नाहीच, दोन्हीकडे कोरडी धग आहे. कुकरच्या तीन शिट्ट्यांत होणारं काम इथं तासाभरावर जातं, ते दोघींनी मान्य केलंय.

तासभर थांबायचं. ऊन भिंतीवरून उतरून परड्यात आलंय. भाऊ टॉवेल वाळत घालतो आणि बंबाकडे वाकून बघतो. गुऱ्हाळाची आठवण तोच काढतो. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गुऱ्हाळावर गेलेल्या पोरांचं लक्ष गुळाइतकंच चुलवाणाकडे असायचं. काहिलीखालच्या आगीत चिपाड पडत राहायचं आणि बाजूला ओढलेल्या राखेत रताळी-बटाटे पुरलेले असायचे. ताजा गरम गूळ आणि राखेतला बटाटा एका हातात. भाऊ ते सांगताना अजून बोटं फुंकल्यासारखी करतो.

राखेतला हा बटाटा मुळात ज्यांचा, त्या अँडीज पर्वतातल्या शेतकऱ्यांची रीतही यापासून लांब नाही. पेरूमध्ये काढणीच्या वेळी शेतातलीच वाळलेली ढेकळं रचून घुमटी करतात, तिच्यात जाळ घालून ती लाल तापवतात, मग बटाटे आत टाकून घुमटी त्यांच्यावर पाडतात. मातीच्या धगीत बटाटे भाजून निघतात. त्या भट्टीला ते वातिया म्हणतात. पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला बटाटा आला, एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वरच्या थंडीत इंग्रजांनी तो लावला. पुढं सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं एकामागून एक कुफरी वाण दिले. त्यांतला १९६८ चा कुफरी ज्योती देशभर पसरला, आणि १९९८ चा कुफरी चिप्सोना वेफर्सवाल्यांसाठी काढला गेला, कारण त्यात पाणी कमी, पीठ जास्त. भाजायलाही तोच गुण लागतो. चिप्सोना किरकोळ बाजारात सहज मिळायला लागला तर मी तो जवारीच्या शेजारी राखेत ठेवून बघेन.

अर्ध्या तासानं आत्ती राख सारून बटाटे एकदा उलटवते. आधी ओल्या मातीसारखा येणारा वास आता बदललाय, साल करपल्याचा खमंग वास सुटलाय. "अजून न्हाई," ती म्हणते आणि राख पुन्हा ओढते. "वास गोड आला की समजायचं."

आधी ओव्हनचे बटाटे होतात. नात केकसाठी आणलेला थर्मामीटर एकात खुपसते. सत्त्याण्णव. ती लगेच सुरीनं प्रत्येकाला वरून उभी-आडवी चीर देते आणि दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबते. भसकन वाफ निघते. "आत्या, हे लगेच करायचं. तसंच ठेवलं की वाफेचं पाणी होतं आतच." साल कुरकुरीत, तिच्यावर मिठाचा पांढरा पापुद्रा. ही साल खायची.

आता परड्यात. आत्ती पहिला बटाटा किलतानाच्या तुकड्यात धरते, अंगठ्यानं दाबते. दबतो. राख झटकते, पाटावर हलकेच आपटते, सुरी लावत नाही, दोन्ही हातांनी फोडते. काळं टरफल दुभंगतं, त्याच्या आतल्या बाजूला तपकिरी कड आलेली, आणि मध्ये पांढराशुभ्र, रवाळ गर. सगळे पुढं वाकतात.

"खा की, बघत काय बसलाईसा?"

दोन ताटल्या होतात. आत्तीच्या ताटलीत मीठ, घरच्या सायीचं लोणी आणि जिरं घालून वाटलेली हिरवी मिरची. लसूण नाही, कांदा नाही. दुसरीत आमच्यासाठी कांदा-लसूण चटणी, तिच्यावर कच्चं शेंगतेल. मी आधी काहीच लावत नाही. राखेतल्या बटाट्याचा घास नुसता तोंडात टाकते. सुकामेव्यासारखी एक मंद चव येते, मागाहून धुराची, आणि शेवटी जिभेवर पिठूळपणा उरतो. मग ओव्हनमधला. गर तितकाच मोकळा, चव जास्त स्वच्छ, साल कितीतरी सरस. बंबाचं टरफल टाकावंच लागतं. गर बंबाचा, साल ओव्हनची, असा माझा कौल मी देते. नातीला तो पटत नाही, तिच्या मते धुराच्या वासानं बटाट्याची चव झाकते. तिचा मुद्दा मला खोडता येत नाही.

भाऊ चटणी-तेल कालवून बटाट्यावर थापतो. आत्ती त्याच्या ताटलीकडं बघते. "एक घास तरी नुसता खा रं आधी."

तो खातो. मग दुसराही नुसताच खातो.

उरलेले बटाटे आत्ती गरम असतानाच सोलते, बोटं पाण्यात बुडवत. हातानंच कुस्करते, वरून घट्ट दही, शेंगदाण्याचं कूट, वाटलेली मिरची, मीठ. दुपारच्या फराळाला भरीत झालं. वाटीवर झाकण ठेवता ठेवता ती वहिनीला पुढच्या बाजाराची यादी सांगते. त्यात रताळी आहेत.

"शिवरात्रीला अजून वेळ हाय की," वहिनी म्हणते.

"शिवरात्रीपातुर कशाला थांबायचं? थंडी हाय, बंब हाय."

"आजी, रताळी पण तासभरच?" नात विचारते.

"न्हाई गं. त्याला राख जास्त आन् इंगळ कमी. दमानं झालं तरच ते गोड हुतंय. आन् खाली केळीचं पान घालायचं, पाक सुटतोय त्याचा, राखंला चिकटतंय."

नात मोबाइलमध्ये ते टिपून घेते आणि विचारते, ओव्हनला दीडशे अंश ठेवले तर चालेल का. आत्तीला अंश माहीत नाहीत. ती नातीचा हात धरून बंबाच्या तोंडाशी नेते आणि राखेवर वीतभर अंतरावर धरते. "एवढी धग. ह्येच्यापेक्षा जास्त नगं."