गोट्यातला पिंगळा

आमच्या वाड्यातल्या किल्ल्याला दर दिवाळीत एक गुहा असायची आणि गुहेच्या तोंडाशी मातीचा वाघ. मी सातवीत असताना तो वाघ ऐन वसुबारसेला फुटला. नवा आणायला पैसे मिळणार नव्हते. मग नदीवरून आणलेला एक लांबट गोटा घेतला, पोस्टर कलरने पिवळा केला आणि त्यावर पट्टे ओढले. डोळ्यांची जागा मोकळी ठेवली होती. तिथे चौकटींचा उरलेला पांढरा ऑइलपेंट आणि खिडकीच्या गजांचा काळा, असे दोन डोळे काढले. पाडव्याच्या रात्री अवकाळी पाऊस झाला. सकाळी बुरूज खचलेला, अळीव वाहून गेलेले आणि गुहेपाशी एक करडा, ओला दगड. पिवळा रंग नाही, पट्टे नाहीत, फक्त दोन डोळे. पण बघणाऱ्याला विचारायची गरज नव्हती, तो वाघच होता!

त्या सकाळनंतर मी दगड रंगवायची थांबलेच नाही. वाघ, कासवं, पक्षी, फुलं, नक्ष्या, सगळं केलं. आता या वयात मला जे पटलं आहे ते त्या पहिल्या दगडाने तेव्हाच सांगून ठेवलं होतं. दगडावर जितकं कमी काढावं तितकं चांगलं, आणि डोळे जमले तर बाकीचं काम दगडच करतो.

या छंदाचा इतिहास सांगायला हवा, म्हणून थोडक्यात सांगते. दक्षिण फ्रान्समध्ये मास दाझील नावाची गुहा आहे. तिथे एदुआर्द पिएत या संशोधकाला 1880 च्या दशकात गेरूचे ठिपके आणि रेघा काढलेले गोटे सापडले. ते हिमयुग सरतानाच्या काळातले आहेत. म्हणजे शेती यायच्या आधी माणूस नदीचा गोटा उचलून त्यावर ठिपके देत होता. आपल्याकडे चंडीगढच्या नेकचंद यांनी तर दगडांवर रंगही चढवला नाही. सरकारी नोकरीत रस्त्यांची कामं बघणारा हा माणूस सायकलवरून दगड गोळा करायचा आणि जंगलाच्या जागेत गुपचूप मांडायचा. त्यातून रॉक गार्डन उभं राहिलं आणि ते 1976 मध्ये लोकांसाठी खुलं झालं. मी तिथे गेले तेव्हा सगळे बांगड्यांच्या तुकड्यांच्या बाहुल्यांपाशी गर्दी करून होते. मी मात्र पक्ष्यांसारख्या, जनावरांसारख्या दिसणाऱ्या साध्या दगडांपुढे तासभर उभी होते. त्या माणसाची नजर मला हवी आहे.

ती नजर कमवायची जागा म्हणजे नदी. माझी नदी कृष्णा, आणि तिथली माझी आवडती जागा वाईजवळची मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा घाट पाहायला लोक येतात. घाटावर चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. पेशवाईतल्या देवळापाशी ती इतकी वर्षं टांगलेली आहे, हे मला फार आवडतं. दर खेपेला मी आधी तिला बघून घेते आणि मग खाली उतरते. फाल्गुन-चैत्रात पाणी आटलं की काठाचे गोटे उघडे पडतात. सकाळचं तिरपं ऊन असताना जावं, दुपारी सगळे दगड सारखेच दिसतात.

आपले बहुतेक गोटे काळ्या पाषाणाचे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर लाव्हा पसरला, त्याचा हा दगड. लाव्हा निवताना आतल्या वायूचे बुडबुडे अडकून राहिले, त्यांची भोकं झाली. पुढे त्या भोकांत पाणी झिरपून झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशी पांढरी खनिजं भरली. नदीने असा दगड घासून गोल केला की करड्या अंगावर पांढरे ठिपके उमटतात. बहुतेक लोक हे दगड 'डागाळलेले' म्हणून टाकून देतात. मी नेमके तेच उचलते.

कारण त्यात पिंगळा बसलेला असतो! पिंगळा म्हणजे आपल्या आंब्याच्या ढोलीत राहणारं, मूठभर आकाराचं ठिपकेदार घुबड. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्याला ज्याच्या भाषेमुळे हे नाव मिळालं, तो हा पक्षी. करडा-तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, मान जवळपास नाहीच. खाली जाड आणि वर किंचित निमुळता असा ठिपकेदार गोटा मिळाला, तर पिसांचा एकही फटकारा मारावा लागत नाही. डोळे, भुवया, इवलीशी चोच. मी वर्षभरात असे दोन-तीनच करते, कारण तसा दगड तेवढ्याच वेळा भेटतो.

सगळेच दगड रंगवण्याचे नसतात. नर्मदेचे बाण मुळातच इतके देखणे असतात की त्यांवर ब्रश चालवणं मला अपराध वाटतो. कोकणातला जांभा रंग पितो, चार हात दिले तरी कोरडाच दिसतो. आणि पिशव्या भरून दगड आणू नयेत. गोट्यांखाली पाण्यातल्या किड्यांची घरं असतात. मी एका खेपेला तीनच आणते.

घरी आल्यावर दगड साबण आणि जुन्या टूथब्रशने घासायचा आणि वाळवायचा. माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. एका हळदीकुंकवाला मी अकरा दगड वाण म्हणून दिले. वरून खडखडीत वाळलेले होते, पण भोकांत ओल होती. उन्हं तापल्यावर सगळ्यांवर रंगाचे फोड आले. बायकांनी सांगितलंही नाही, मीच एकीच्या घरी पाहिले. तेव्हापासून दगड स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज तोलते. दोन दिवस वजन एका ग्रॅमनेही उतरलं नाही, की तो वाळला.

आता डोळे. पेणला गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांच्या कामाला 'आखणी' म्हणतात आणि ते काम मुरलेल्या हाताकडेच असतं. एका कारखान्यात मी अर्धा दिवस एका आजोबांशेजारी बसून होते. ते ब्रश टेकवताना श्वास रोखायचे आणि दुसरा डोळा काढायच्या आधी मूर्ती उलट्या बाजूने फिरवून घ्यायचे. "एका डोळ्याला दुसऱ्याची ओळख पटली पाहिजे, ताई," एवढंच म्हणाले. मी तेच करते. आधी पांढऱ्या प्रायमरचे दोन गोल, फक्त डोळ्यांपुरते. त्यावर पिवळा. कडेने केसाइतकी काळी रेघ. वरची पापणी गोलाला किंचित कापत गेली पाहिजे, नाहीतर पक्षी घाबरलेला दिसतो. मग काळं बुबुळ. शेवटी टूथपिकच्या टोकाने पांढरा ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. एकात डावीकडे आणि एकात उजवीकडे पडला, तर नजर फुटते. तो ठिपका टेकतो त्या क्षणी दगड आपल्याकडे बघायला लागतो. हजार वेळा केलं तरी माझ्या अंगावर काटा येतो.

बाकीचं सामान साधं आहे. अ‍ॅक्रिलिक रंग घ्यावेत, पोस्टर कलर बागेत टिकत नाहीत. काव आणि पिवळी माती या जातीचे रंग उन्हाला दाद देत नाहीत, चमकणारे फ्लुरोसंट एका उन्हाळ्यात विटतात. वर अ‍ॅक्रिलिक व्हार्निशचे दोन पातळ हात द्यावेत, तळ मोकळा ठेवावा म्हणजे आत शिरलेली ओल बाहेर पडते. रंगवलेला दगड नदीत, तळ्यात किंवा माशांच्या टाकीत ठेवू नये. हा रंग म्हणजे शेवटी प्लास्टिकच. कुंड्यांसाठी चपट्या दगडांवर ओवा, गवती चहा अशी नावं लिहावीत. आणि ठिपक्यांची रांगोळी येणाऱ्या बाईने परदेशी मंडलांच्या वह्या कशाला विकत घ्याव्यात? चैत्रांगणातलं गोपद्म, शंख, कासव दगडावर किती शोभतात!

देव मात्र मी काढत नाही. बागेतल्या दगडाला पाय लागतो, चिखल उडतो. पण एकदा माझ्या हातून वेगळंच घडलं. शेजारच्या मुलीचा केशरी बोका गेला, तेव्हा तिच्यासाठी मी एक मोठा गोटा केशरी केला, बोक्याचे डोळे काढले आणि दोघींनी तो फाटकाबाहेर उंबराखाली ठेवला, तो तिथेच झोपायचा म्हणून. आठ दिवसांनी त्याच्यापुढे जास्वंद दिसली. मग हळदकुंकू, मग अमावास्येला नारळ. भाजीवाल्या मावशी टोपली टेकवून हात जोडताना मी गच्चीवरून पाहिलं आणि काही बोलले नाही. मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "राहू दे ना आजी, त्याला आवडतंय."

तीन पावसाळ्यांत माझा रंग सुटला. डोळे तेवढे राहिले होते. गेल्या नवरात्रात कुणीतरी तेलात कालवून शेंदूर चढवला आणि बाजारातले पितळी डोळे आणून चिकटवले. जवळ जाऊन वाकून पाहिलं. ते नेमके माझ्याच डोळ्यांवर बसवले आहेत, तसूभरही इकडे-तिकडे नाही.